काराकुलची रात्र: पामीर हायवेवरच्या एका सायकल प्रवासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही २०१९च्या उन्हाळ्यातली, म्हणजे तिकडच्या जुलै-ऑगस्टमधली गोष्ट. दोघंजण, दोघंही पश्चिम महाराष्ट्रातले. एक नुकतेच ५८ पूर्ण करून शाळेतून रिटायर झालेले शिक्षक, दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, वय २७, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करणारा. दोघांच्या परवानगीनं लिहितोय, पण नावं, गाव, शाळा काहीच देत नाही. इथं त्यांना सर आणि धाकटा म्हणतो. आमच्या सायकल ग्रुपमध्ये मोठ्या राईडवरून आलेल्यांना बसवून सगळं नीट विचारायचं आणि पुढच्यांसाठी लिहून ठेवायचं हे काम माझ्याकडे असतं, त्यातून हे आलंय.

बेत होता पामीर हायवेचा. किरगिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानची राजधानी दुशांबेपर्यंत, कागदोपत्री एम-४१ नावाचा रस्ता, साधारण १२५० किलोमीटर. जगभरच्या लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांचा हा आवडता रस्ता, युरोपातून चीनकडं निघालेले बरेच लोक याच वाटेनं जातात. ओश आहे हजार मीटरच्या आसपास, तिथून १८५ किलोमीटरवर सारी-ताश ३१७० मीटर, मग सीमेवरची किझिल-आर्त खिंड ४२८० मीटर, पलीकडं काराकुल नावाचं भलंमोठं खारं तळं आणि त्याच्या काठचं छोटं गाव, उंची ३९००च्या थोडी वर, मग सगळ्यात उंच आक-बायताल खिंड ४६५५ मीटर, आणि मग मुरगाब, ३६००. मुरगाबनंतर अजून एक कोयतेझेक खिंड झाली की रस्ता खाली खोरोगला येतो, २१०० मीटरपर्यंत, आणि तिथून पंज नदीच्या कडेकडेनं, नदीपलीकडं अफगाणिस्तान बघत बघत पुढं.

सर काही नवखे नव्हते. आदल्या वर्षी मनाली-लेह केलेलं, बारालाचा म्हणजे ४८०० मीटरच्या वरची खिंड त्यांनी सायकलवर चढलेली. तेव्हा वाटेतल्या सरचूच्या मुक्कामी रात्रभर डोकं दुखलं होतं, पण सकाळी बरं वाटलं म्हणून ती गोष्ट तिथंच संपली. धाकट्याचा हिमालयाचा अनुभव शून्य, पण सायकल उघडून परत जोडायला त्याच्यासारखा हात नाही.

आणखी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. पहिली म्हणजे सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी या राईडवर शाळेच्या लायब्ररीसाठी पैसे जमवायचं ठरवलं होतं, सायकलवर केलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे अमुक एक रक्कम. व्हॉट्सअॅपचा ग्रुप झाला, त्यात तीनेकशे माणसं, रोजचं लोकेशन आणि रोजचे किलोमीटर टाकायचे. हेतू इतका चांगला होता की त्यात काही अडचण असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसरी म्हणजे जुलै २०१८मध्ये ताजिकिस्तानात दंगारा भागात सायकलवाल्यांवर हल्ला झाला होता, चार परदेशी सायकलस्वार मारले गेले. साहजिकच दोघांच्या घरच्यांनी धसका घेतला होता. निघायच्या आधीच्या सगळ्या बैठका याच विषयावर गेल्या, कुठला टप्पा सायकलवर करायचा, कुठं तंबू लावायचा नाही, दुशांबेच्या जवळ आल्यावर काय करायचं. उंचीचा विषय निघाला की सर म्हणायचे, ते मी लडाखला बघून आलोय, आणि विषय पुढं जायचा.

अडचण कुठून सुरू झाली

काराकुलला सरांना उंचीचा गंभीर त्रास झाला, आणि लोकांना वाटतं अडचण तिथंच झाली. मला वाटतं ती ओशमध्येच सुरू झाली, एका स्पोकपासून.

विमानातून आल्यावर धाकट्याच्या सायकलचं मागचं चाक वाकडं निघालं आणि कॅसेटच्या, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांच्या, बाजूचे दोन स्पोक तुटलेले. स्पेअर स्पोक होते, पण त्या बाजूचा स्पोक घालायचा तर कॅसेट काढावी लागते, आणि कॅसेट काढायचं टूल सामान कमी करताना घरीच काढून ठेवलेलं. ओशमध्ये शोधाशोध करून ते मिळेपर्यंत दोन दिवस गेले. धाकट्याची कंपनीतली रजा मोजून पाच आठवड्यांची, परतीचं तिकीट दुशांबेहून ठरलेलं, त्यामुळं हे दोन दिवस कुठून तरी भरून काढायचे होते. मूळ प्लॅनमध्ये सारी-ताशला पूर्ण एक दिवस विश्रांती होती. दोघांनी ओशच्या गेस्टहाऊसमध्ये बसून नकाशावर बोट ठेवलं आणि तोच दिवस काढून टाकला.

हा पहिला निर्णय. तो घेताना त्यांना तो निर्णय वाटलाच नाही, कारण विश्रांतीचा दिवस म्हणजे रिकामा दिवस असं डोक्यात बसलेलं. प्रत्यक्षात त्या सगळ्या वेळापत्रकातला सगळ्यात कामाचा दिवस तो होता. डॉक्टर लोकांचा साधारण नियम असा की ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहायचं. दिवसा तुम्ही कितीही उंच खिंड चढा, हरकत नाही, महत्त्वाचं हे की रात्री डोकं कुठल्या उंचीवर टेकता.

दुसरा निर्णय लगेच दोन-तीन दिवसांनी. सारी-ताशहून सकाळी निघाले, किरगिझ चौकी पार केली. दोन चौक्यांच्या मधे वीसेक किलोमीटरचा पट्टा आहे, तिथं खालच्या बाजूला, चढ सुरू व्हायच्या आधी तंबू लावायचा असं कागदावर लिहिलेलं होतं. पण दुपारचे दोनच वाजलेले, हवा स्वच्छ, आणि पामीरमध्ये दुपारनंतर समोरून जो वारा सुटतो तो त्या दिवशी सुटलाच नव्हता. सर म्हणाले, आज खिंड मारून टाकू, उद्याचं ओझं कमी. खिंड मारली. ताजिक चौकीवर व्हिसा आणि गोर्नो-बदख्शान या प्रांताचं वेगळं परमिट तपासून होईपर्यंत अंधार पडायला आला, मग जिथं जागा मिळाली तिथं तंबू लावला, चार हजारांच्या वर. म्हणजे आदल्या रात्रीपेक्षा जवळपास ९०० मीटर वर झोपले.

त्या रात्री सर जेवले नाहीत. डोकं दुखत होतं, एकदा उलटी झाली. धाकट्याला वाटलं पेट्रोलच्या स्टोव्हचा वास तंबूत कोंडलाय, त्याचं झालं असेल. उंचीचा त्रास टाळायच्या डायमॉक्सच्या गोळ्या दोघांकडं होत्या, धाकटा दिवसातून दोनदा १२५ मिलीग्रॅम घेत होता, सरांनी मात्र बंद केलेली, कारण त्या गोळीनं रात्री सारखं लघवीला उठावं लागतं आणि उणे तापमानात तंबूची चेन उघडून बाहेर जायचा त्यांना वैताग आला होता. हे त्यांनी धाकट्याला सांगितलं नव्हतं.

काराकुलची रात्र

दुसऱ्या दिवशी काराकुलपर्यंतचं अंतर खरं तर थोडंच, मधे एक ४२३२ मीटरची खिंड. एरवी दुपारपर्यंत झालं असतं. त्यांना संध्याकाळ झाली. सर चढावर उतरून सायकल ढकलत होते, सपाटीवरही मागं पडत होते, आणि बोलत नव्हते. ही शेवटची गोष्ट धाकट्याच्या लक्षात आली, कारण सर म्हणजे अखंड बोलणारा माणूस. डाव्या हाताला चीनच्या सीमेचं तारेचं कुंपण मैलोन्मैल चाललेलं असतं, त्याबद्दल सर ओशपासून सांगत होते की ते बघायचंय, आणि ते आलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

गावात एका होमस्टेमध्ये उतरले. घरात आजी, सून आणि दोन नातवंडं. चहा, रोटी, दही समोर आलं. त्यानंतर काय काय झालं ते धाकट्यानं मला वेळेसकट सांगितलं, कारण त्यानं नंतर ते सगळं डायरीत लिहून ठेवलं होतं.

सहाच्या सुमारास सर बूट काढत होते आणि नाडी सुटेना, बराच वेळ नुसते नाडीकडं बघत बसले. सातला त्यांनी आजीला खुणेनं विचारलं की संडास कुठंय, तिनं दाखवलं, आणि दहा मिनिटांनी परत तेच विचारलं. नऊला बाहेर जाताना उंबऱ्याला अडखळून पडले, उठले, म्हणाले अंधारात दिसलं नाही. उजेड होता.

आता इथं थांबतो, कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथंच आहे. धाकट्याला सहा वाजताच कळलं होतं की हे बरोबर नाहीये. त्याच्याकडं आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेला एक छापील कागद होता, त्यात स्पष्ट लिहिलेलं की डोकेदुखी, मळमळ इथपर्यंत थांबा आणि वर जाऊ नका, पण तोल जाणं किंवा बोलण्या-वागण्यात गोंधळ दिसला तर मेंदूला सूज असू शकते आणि ताबडतोब खाली न्या. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालायला सांगा, नाही जमलं तर वाट बघू नका. हे सगळं त्याला पाठ होतं. तरी त्यानं साडेदहापर्यंत काहीच केलं नाही.

मी विचारलं का. तो म्हणाला, ‘सरांना कसं सांगणार की चालून दाखवा?’

हे ऐकून मला त्याचा जराही राग आला नाही. आठवीत ज्यांनी गणित शिकवलं, ज्यांच्यासमोर आजही खुर्चीत टेकून बसत नाही, त्या माणसाला, दारू प्यायलेल्याला पोलीस चालवतात तसं चालवायचं. आपल्याकडं हे अवघड आहे, खूप अवघड आहे, आणि युरोपियन लोकांनी लिहिलेल्या कुठल्याही माहितीत ही अडचण सापडणार नाही कारण त्यांच्यात दोन मित्र एकमेकांना नावानं हाक मारत निघालेले असतात. आपल्याकडं काका-पुतण्या जातात, सासरे-जावई जातात, सर आणि विद्यार्थी जातात. तिथं कोण कुणाला थांबवणार हा प्रश्न उंचीइतकाच महत्त्वाचा आहे.

साडेदहाला धाकट्यानं धीर केला. म्हणाला, ‘सर, एकदा त्या गालिच्याच्या कडेवरून चालून दाखवा ना.’ सर चिडले. ‘अरे मला काय झालंय? झोप तू, उद्या आक-बायताल आहे.’ मग त्यानं बॅगेच्या तळाशी असलेला तो कागद काढला आणि खालची सही दाखवली. निघायच्या आधी डॉक्टरांनी त्या कागदावर एक ओळ हातानं लिहिली होती, ‘दोघांपैकी जो बरा असेल त्याचा निर्णय शेवटचा’, आणि दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. तेव्हा ते सगळं हसत-खेळत झालेलं. आता धाकटा एवढंच म्हणाला, ‘सर, तुमची सही आहे.’

सर उठले. तिसऱ्या पावलाला भिंतीचा आधार घेतला.

समोर काय पर्याय होते

वेळ रात्रीची, फोनला रेंज नाही. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं, भारतात ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही त्यामुळं घरून निघताना कुणी नेत नाही, आणि बिश्केक किंवा ओशला भाड्यानं मिळतं का हे त्यांनी शोधलं नव्हतं.

काराकुलची अडचण अशी की हे गाव वाटीत आहे. आजाऱ्याला खाली न्या असं सगळे सांगतात, पण तिथून खाली जायचं तर आधी दोन्ही बाजूंना वर चढावं लागतं.

उत्तरेला, आलेल्या वाटेनं परत सारी-ताश. शंभरेक किलोमीटर, ३१७० मीटर, म्हणजे साडेसातशे मीटरचा उतार पदरात पडतो. पण वाटेत ४२३२ आणि ४२८०च्या दोन खिंडी, दोन चौक्या ज्या रात्री उघडतील याची खात्री नाही, आणि किरगिझ व्हिसा दोघांनीही एकदाच प्रवेशाचा काढलेला, तो बाहेर पडल्यावर संपला. आजारी माणसाला घेऊन चौकीवर हात जोडले तर सोडतीलही, पण सारी-ताशला पोचून म्हणावं तसं हॉस्पिटल नाही, त्यासाठी ओशलाच जायला हवं.

दक्षिणेला मुरगाब, १३५ किलोमीटर. तिथं हॉस्पिटल आहे, ऑक्सिजन मिळेल. पण उंची ३६००, म्हणजे उतार जेमतेम तीनशे मीटरचा, आणि त्यासाठी मधे ४६५५ची आक-बायताल पार करायची, जिच्या आसपासचा रस्ता कच्चा आणि धुण्याच्या फळीसारखा खडबडीत, गाडीही तिथं हळूच चालते. जमेची बाजू ही की मुरगाबच्या पुढं त्याच देशात, त्याच कागदपत्रांवर, खोरोगपर्यंत उतरता येतं.

तिसरा पर्याय म्हणजे औषध देऊन सकाळपर्यंत थांबायचं. अंधारात खिंड नको, सकाळी चौक्या उघडतील, सगळं दिसेल. हा पर्याय ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि त्या घरातल्या सुनेनंही खुणेनं तेच सुचवलं.

चौथा पर्याय सरांचा होता, की झोपू दे, सकाळी बरं वाटेल, सरचूला वाटलं होतं तसं.

काय केलं

धाकट्यानं सगळ्यात आधी डॉक्टरांच्या कागदाप्रमाणं डेक्सामेथासोन दिलं, आठ मिलीग्रॅम, आणि पुढचे चार-चार मिलीग्रॅमचे डोस दर सहा तासांनी म्हणून मोबाईलला अलार्म लावला. हे औषध त्यांच्या डॉक्टरांनी दोघांची तपासणी करून, सरांच्या बीपीच्या गोळ्या बघून लिहून दिलेलं होतं, कुणी हे वाचून परस्पर दुकानातून आणू नये. डेक्सामेथासोन वेळ मिळवून देतं, आजार बरा करत नाही. थोड्या वेळानं माणूस ताजातवाना वाटायला लागतो आणि तिथंच लोक फसतात, बरं वाटतंय म्हणून थांबतात.

मग आजीला उठवलं. धाकट्यानं डायरीत तीसेक रशियन शब्द देवनागरीत लिहून नेले होते, निघायच्या आधी महिनाभर कंपनीच्या बसमध्ये पाठ केलेले. गोलोवा, डोकं. बल्नित्सा, हॉस्पिटल. माशिना, गाडी. सिचास, आत्ता. एवढ्या चार शब्दांवर काम झालं. आजीनं सरांकडं एकदा बघितलं आणि नातवाला शेजारी पिटाळलं. शेजाऱ्याकडं जुनी रशियन जीप होती. दीडशे डॉलरला ठरलं, घासाघीस केली नाही. हे पैसे वेगळ्या पाकिटात, फक्त अशाच कामासाठी ठेवलेले, हे चांगलं केलं होतं.

उत्तर की दक्षिण हा निर्णय त्यानं पाच-दहा मिनिटांत घेतला, दक्षिण. कारण विचारलं तर म्हणाला, चौकीवर अडकलो तर मी ४२०० मीटरवर अडकतो, आणि मुरगाबच्या वाटेवर अडवणारं काही नाही. मला हे कारण फार पक्कं वाटतं. उतार किती मिळेल याचं गणित त्यानं केलं, पण रस्ता कुठं बंद पडू शकतो हेही धरलं.

सायकली होमस्टेमध्ये ठेवल्या. पासपोर्ट, परमिट, औषधं, झोपायच्या बॅगा एवढंच घेतलं. रात्री साडेबाराला निघाले, सरांना मागं टेकून बसवलेलं, आडवं केलं नाही. खिंडीच्या आसपास सर झोपेत जात होते, धाकटा त्यांना सारखं बोलतं ठेवत होता, सतराचा पाढा म्हणायला लावला, सोळाचा, एकोणीसचा. सर चुकत होते आणि चुकलं की चिडत होते. पहाटे साडेचारला मुरगाब.

हॉस्पिटल साधं होतं पण माणसं चांगली होती, लगेच ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत सरांची डोकेदुखी बरीच उतरली. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की इथं राहू नका, खाली जा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर गाडीनं खोरोग, तीनशेच्या वर किलोमीटर, वाटेत कोयतेझेक खिंड, पण तोपर्यंत औषध चालू होतं आणि सर स्वतःच्या पायानं सरळ चालत होते. खोरोगला उतरल्यावर तीन-चार दिवसांत ते पूर्ण बरे झाले.

पुढं काय झालं

बरे झाल्यावर सर म्हणाले, परत जाऊ. काराकुलपासून मुरगाब, मुरगाबपासून खोरोग, हे राहिलेलं सायकलवर पूर्ण करू, रजा वाढव, तिकीट बदल. कारण लायब्ररीचे पैसे किलोमीटरवर होते आणि ग्रुपमध्ये ‘ओश ते दुशांबे, एकही किलोमीटर गाडीत नाही’ असं त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं. धाकटा नाही म्हणाला. मग सर म्हणाले, निदान तू जा, तू एकटा कर, माझ्यामुळं तुझं राहायला नको. तो त्यालाही नाही म्हणाला. दोघांचं चांगलंच वाजलं, एक दिवस बोलणं बंद होतं. धाकटा मला म्हणाला की आयुष्यात सरांना पहिल्यांदा दोनदा नाही म्हणालो, आणि दुसरं नाही पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

हा तिसरा मोठा निर्णय आणि मला तो पूर्ण बरोबर वाटतो. ज्याला एकदा मेंदूची सूज आलीय त्यानं आठवड्याभरात परत त्याच उंचीवर जायचं हा धोका कुठल्याच लायब्ररीसाठी घेण्यासारखा नाही. आणि धाकटा एकटा गेला असता तर आजारातून उठलेले सर परक्या देशात एकटे राहिले असते.

सलग रेषेचं हे जे वेड आहे त्याबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगतो. जगप्रदक्षिणेच्या विश्वविक्रमाच्या नियमातसुद्धा सायकलवर १८,००० मैल, म्हणजे २९,००० किलोमीटरच्या आसपास अंतर करायचं असतं, आणि समुद्र विमानानं किंवा बोटीनं ओलांडलेला चालतो. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८मध्ये विसाव्या वर्षी १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर सायकल चालवली, तीसुद्धा खंडाखंडांमधे विमानानं गेली आणि त्यानं तिचा पराक्रम तसूभर कमी होत नाही. मग रिटायर झालेल्या शिक्षकानं काराकुल ते खोरोग जीपनं केलं तर काय बिघडलं?

सायकली होमस्टेच्या नातेवाईकानं मालवाहू गाडीतून खोरोगला पोचवल्या, एक पॅनिअर, म्हणजे सायकलला अडकवायची बॅग, फाटली एवढंच. मग दोघांनी खोरोग ते दुशांबे सायकल चालवली. हा टप्पा कमी उंचीचा आहे पण सोपा नाही, रस्ता बऱ्याच ठिकाणी उखडलेला, ट्रकची धूळ, आणि नदीकाठी तंबू लावता येत नाही, तिथं सीमेवर जुने सुरुंग असण्याचा धोका आहे, पाट्याही लावलेल्या असतात. तिथं मात्र दोघं रोज ठरलेल्या वेळी थांबले, घरात किंवा चहाच्या दुकानातच मुक्काम केला. घरच्यांशी सुरक्षेची जी चर्चा झाली होती ती इथं शब्दशः उपयोगी पडली. ठरवून गेलेल्या गोष्टी त्यांनी नीट पाळल्या, ठरवून न गेलेल्या गोष्टीनं गाठलं.

सायकलवरचे एकूण किलोमीटर आठशेच्या थोडे वर झाले. दुशांबेला पोचल्यावर सरांनी ग्रुपवर सगळं लिहिलं, डायमॉक्स बंद केल्याचंसुद्धा. एक-दोघांनी विचारलं की मग पैसे किती किलोमीटरचे द्यायचे, बहुतेकांनी ठरलेल्या पूर्ण अंतराचेच दिले. इन्शुरन्समधून काही मिळालं नाही, पॉलिसीत उंचीची मर्यादा होती आणि ती खिंडीच्या उंचीपेक्षा बरीच खाली होती, हे आल्यावर कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

स्पोक तुटला तेव्हा दिवस कमी करायचेच होते तर ते शेवटाकडून करायचे. खोरोग-दुशांबे या टप्प्यात शेअर गाड्या मिळतात, तिथं शंभर-दीडशे किलोमीटर गाडीनं करून एक दिवस सहज वाचतो आणि कुणाच्या तब्येतीला धक्का लागत नाही. पण किलोमीटरमागे पैसे असल्यामुळं हा पर्याय त्यांच्या डोक्यातच आला नाही. म्हणून आता आमच्या ग्रुपमधून कुणी देणगीसाठी राईड काढत असेल तर मी एकच आग्रह धरतो, की रक्कम राईडवर ठेवा, किलोमीटरवर नको.

किझिल-आर्तच्या अलीकडं तंबू लावायचा ठरलेला असताना पुढं गेले, तो निर्णय दुपारी दोन वाजता, हवा चांगली असताना घेतला. लोकांना वाटतं चुकीचे निर्णय वादळात घेतले जातात. उंचीवर तसं होत नाही, तिथं चांगल्या हवेत, पाय चालत असताना माणूस जास्त वर जातो आणि रात्री ते अंगावर येतं. माझ्या मते मुक्कामाची उंची हातावर पेननं लिहून निघावं आणि ती पार झाली की कितीही वाजलेले असोत, थांबावं. म्हणजे ताजिक चौकी लागायच्या आत किमान विचार तरी होतो.

व्हिसाचं म्हणाल तर सीमेलगत उंचीवर जाणार असाल तर मागच्या देशाचा व्हिसा दोनदा प्रवेशाचा काढावा, थोडे पैसे जास्त जातात पण परतीची वाट उघडी राहते. मधली काही वर्षं ही सीमाच बंद होती, मार्च २०२५मध्ये दोन्ही देशांचा सीमाकरार झाल्यावर परिस्थिती बदललीय, तेव्हा निघायच्या आधी नियम नव्यानं बघा.

सहा ते साडेदहा हे साडेचार तास कसे वाचले असते? यावर आम्ही खूप बोललो. सही घेतली होती, कागद होता, तरी वेळ गेला, कारण तो कागद संकटाच्या वेळी काढायचा होता आणि संकट आलंय हे धाकट्यानं एकट्यानं ठरवायचं होतं. आता आम्ही वेगळं सांगतो. ३००० मीटरच्या वर रोज संध्याकाळी, काही होत असो वा नसो, दोघांनीही एकमेकांसमोर रेषेवर चालून दाखवायचं, आणि आधी मोठ्यानं चालायचं. दिवसभरात कुठली गोळी घेतली, कुठली नाही घेतली हेही तेव्हाच सांगायचं. रोजचंच झालं की त्यात कुणाचा अपमान राहत नाही. सर स्वतः हे सुचवणाऱ्यांपैकी आहेत आणि ग्रुपमधल्या तरुण मुलांना ते स्वतःचंच उदाहरण देतात.

राहिला दिशेचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. ओशकडून निघालं की थोड्याच दिवसांत तुम्ही चार हजारांवर झोपता. दुशांबेकडून निघालात तर आठशे मीटरपासून सुरुवात, मग कलाई-खुंब, मग खोरोग २१००, तिथून गुंत नदीच्या खोऱ्यानं हळूहळू चढत जेलोंदीचे गरम झरे, ३५००च्या आसपास, मग कोयतेझेक, अलिचुर, मुरगाब आणि मग आक-बायताल. तोपर्यंत अंगाला उंचीची सवय लागायला दोन-अडीच आठवडे मिळतात. तब्येत बिघडलीच तर जेलोंदीपर्यंत कुठूनही मागं फिरलं की सरळ उतार आहे. सरांनी आणि धाकट्यानं आता पुन्हा जायचं म्हणून जो प्लॅन मला तपासायला दिलाय तो याच दिशेनं आहे, त्यात खोरोगला दोन दिवस, जेलोंदीला एक आणि मुरगाबला दोन दिवस विश्रांती धरलीय, डॉक्टरांनी सरांची वर जायची परवानगी अजून राखून ठेवलीय, आणि ती मिळाली नाही तर सर खोरोगलाच थांबणार असं प्लॅनमध्येच लिहिलंय, दोघांच्या सहीनं.